नाना, तुमच्या नावावर मत पडलं

प्रिय नाना,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होऊन गेली. एवढ्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितेय तेही आठवण दाटून आली म्हणून नाही. माझ्या हातून एक चूक झालीय. उद्या ती निवडणूक शाखेत जाऊन कबूल करायचीय. म्हटलं, ज्यांचा गुन्हा केलाय, त्यांना आधी सांगावं.

मला बीएलओ, म्हणजे बूथपातळीवरची निवडणूक अधिकारी, केलं तेव्हा शाळेतल्या सगळ्या शिक्षिकांनी हळहळ व्यक्त केली होती. शिकवून उरलेल्या वेळात घरोघर फिरा, कोण मेलं, कोण राहायला गेलं ते विचारा आणि मतदारयादी दुरुस्त करा! तुम्ही मात्र पेढे आणलेत. "सुनंदे, आता कुठं खरी नोकरी लागली तुला," म्हणालात. किती मिरवलंत नाशिक रोडभर! मला लाज वाटायची.

आपल्या मतदारसंघाचा इतिहास तुमच्याइतका कुणाला पाठ असेल? लोक घराण्याची वंशावळ सांगतात, तुम्ही आमदारांची सांगायचात. कोण कुणाला पाडून आला, कोण पाच वर्षांत सभागृहात एकदा तरी उठून बोलला, कुणाच्या काळात पाण्याची टाकी झाली. नोटांच्या प्रेसमधली ड्यूटी संपवून आलात की वहीत मतदारसंघाचा नकाशा काढत बसायचात. दर वेळी आकार वेगळा. कधी इकडची दोन गावं बाहेर, कधी तिकडच्या चार कॉलन्या आत. आई म्हणायची, "पोरीच्या लग्नाचं बघा, त्या रेघा कसल्या बघता!"

मग पुनर्रचना आली आणि हद्द आपल्या मागच्या नाल्यावरून गेली. नाल्यापलीकडचे तुमचे पत्त्यांचे भिडू एका आमदाराचे झाले, आपण दुसऱ्याचे. तुम्ही चार पानी हरकत लिहिलीत, इस्त्रीचा सदरा घालून सुनावणीला गेलात. "पाणी एक, शाळा एक, स्मशान एक, मग आमदार दोन कसे?" हे तुमचं वाक्य. साहेबांनी कागद ठेवून घेतला म्हणे. पुढे काही झालं नाही. तुम्ही आठवडाभर नीट जेवला नाहीत, आणि मी कॉलेजच्या मैत्रिणींना तुमची नक्कल करून दाखवत होते. ते आज खुपतं.

तरीही दर निवडणुकीला तुम्ही बूथवर हजर! कायम पडणाऱ्या पक्षाचे पोलिंग एजंट. सकाळी सातच्या आत खुर्चीवर, हातात यादी आणि पट्टी. नाव पुकारलं की यादीतल्या नावाकडे आणि समोरच्या चेहऱ्याकडे बघायचं. पक्ष पडला तरी चालेल, पण खोटं मत पडता कामा नये, ही तुमची ईर्ष्या.

मामाची गोष्ट मी विसरू शकत नाही. आबा, म्हणजे आईचे वडील, वारून चार महिने झाले होते आणि यादीत नाव तसंच. मामा आबांची मतदार चिठ्ठी घेऊन आला. त्याला वाटलं, एजंट मेहुणाच आहे, काम सोपं! तुम्ही उभे राहिलात, आक्षेपाच्या फीचे दोन रुपये भरलेत आणि सगळ्यांदेखत आक्षेप घेतलात.

"नाना, आबा असते तर तुमच्याच पक्षाला मत दिलं असतं ना? मंग वाया कशाला घालवायचं?" मामा गयावया करत होता.

"आबा असते तर ते आले असते. तू आबा नाय," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर मामाने सहा वर्षं आपल्या घरचा उंबरा ओलांडला नाही. भाऊबीजेला आई ताट तयार ठेवायची आणि संध्याकाळी निमूट उचलून ठेवायची. रागावू नका, पण तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. थोडं दुसरीकडे बघता आलं नसतं का हो? एका मताने कुठलं सरकार पडणार होतं?

तुम्ही गेलात तेव्हा चौकात तुमच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर तुमच्या फोटोपेक्षा आमदारांचा फोटो मोठा. तुम्ही हसला असतात. मग एकेक ठिकाणाहून तुमचं नाव निघू लागलं. रेशनकार्ड, बँक, गॅस, लाइटबिल. प्रत्येक वेळी मृत्यूचा दाखला द्यायचा आणि प्रत्येक वेळी आई देवघराकडे तोंड करून बसायची. शेवटी मतदारयादी राहिली. वगळणीचा अर्ज मीच भरायचा होता, माझ्याच यादीतला. आई म्हणाली, "राहू दे गं. कुठंतरी त्यांचं नाव राहू दे."

मी राहू दिलं.

आईवर ढकलत नाहीये. कॉलनीतली मयत माणसं मी एका दमात खोडली होती. विधवांच्या दारात उभं राहून, पाणीसुद्धा न पिता, दाखल्याची प्रत मागितली होती. आपल्या घरापाशी मात्र पेन थांबलं. विधानसभेची अंतिम यादी आली आणि आईच्या नावाच्या वर तुम्ही होतात, फोटोसकट. खरं सांगते, मला बरं वाटलं.

मतदानाच्या दिवशी मी शाळेच्या फाटकापाशी टेबल मांडून बसले होते. अकराच्या सुमाराला आई मत देऊन बाहेर आली. तिचा चेहरा वेगळाच दिसत होता.

"सुनंदा, हे येऊन गेले."

"कोण?"

"तुझे नाना. यादीत त्यांच्या फोटोवर लाल रेघ होती. मी विचारलं त्या बाईंना, तर म्हणाल्या, हो आजी, ते सकाळीच मत देऊन गेले."

नाना, ती उजळली होती हो! तुमच्या मरणानंतर पहिल्यांदा. मी मात्र टेबलावरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा उलटापालटा करून पाहिला; तुमची नव्हती. छापून आलेल्या त्या गठ्ठ्यात ती मीच ठेवून दिली होती, फाडली नव्हती. टेबलावरून ती कुणी उचलली, कुठल्या पक्षाच्या माणसाने, मला आजही माहीत नाही. आणि तुमच्या खुर्चीवर बसलेला एजंट, आई म्हणाली, मोबाइल बघत होता. चेहरा कोण बघतो आता?

मी आत जाऊन बोलायला हवं होतं. बोलले नाही. नोकरीची भीती वाटली, हेच खरं. निकाल लागला, जिंकणारे भरपूर मतांनी जिंकले. एका सहकारी बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ द्या ना मॅडम, एका मताने काय फरक पडला?" माझंच जुनं वाक्य माझ्याच तोंडावर आलं. ज्या माणसाने एका मतासाठी बायकोचं माहेर तोडलं, त्याच्या नावावर त्याच्या लेकीने खोटं मत पडू दिलं. आणि ते कुणाला पडलं, हे तुम्हालाही कधी कळणार नाही.

आईचं काय सांगू? ती आता जरा विसरते. पण ते विसरत नाही. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "कुणाला दिलं असेल गं त्यांनी मत? नेहमीच्यांनाच दिलं असणार." मी हो म्हटलं. शेजारणींनाही सांगते ती, मतदानाला आले होते म्हणून. त्या माझ्याकडे बघतात आणि मी खाली बघते.

आता पुन्हा पडताळणी सुरू झालीय. तुमच्या नावाचा अर्ज माझ्यापुढे आहे. नुसता तो भरून दिला तर काम भागेल, कुणाला काही कळणार नाही. सुपरवायझर म्हणालेच, "भरून टाका मॅडम, मागचं उकरू नका."

पण नाही. नाना, शब्द देते. उद्या अर्जात 'मयत' लिहीन आणि सोबत माझा लेखी जबाब जोडेन: नाव मी जाणूनबुजून ठेवलं, त्यावर दुसऱ्याने मत टाकलं, आणि मी गप्प बसले. नोटीस येईल, कदाचित निलंबनही. येऊ दे.

कचेरीपेक्षा मला घरची भीती जास्त आहे. संध्याकाळी परत आले की आईजवळ बसेन, तिचा हात हातात घेईन आणि सांगेन, आई, त्या दिवशी नाना आले नव्हते.

तुमची,
सुनंदा