बत्तीस माणसं, तेहेतीस नावं

परतवाडा,
१७ नोव्हेंबर १९६६

प्रिय शकुन,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू ते न फोडता चुलीत घालशील, ही भीती आहेच. पण एवढं वाच. तुला ठाऊक नाही, गेली आठ वर्षं तू आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहेस. मायच्या पायाशी, सतरंजीवर, डोक्यावरून पदर घेऊन बसली आहेस. आल्यागेल्या पाहुण्यांना मुलं बोट दाखवून सांगतात, ही आमची अकोल्याची शकुनआत्या. आणि मी तिथंच चहाचा कप घेऊन उभी असते.

रागावू नकोस, सगळं सांगते. वच्छलेचं लग्न झालं ते अठ्ठावन्नचं साल. भावाच्या पहिल्या लेकीचं लग्न, नव्या धम्माप्रमाणे आपल्या घरातलं पहिलंच. गणगोत झाडून आलं होतं. मायचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरले होते, तिला माणसांच्या नुसत्या सावल्या दिसत. तिनं एकच धरून ठेवलं होतं, "डोये पुरे जायच्या आंदी माही सारी लेकरं एका फोटूत पायजे." तुला पत्र टाकलंय, असं भाऊनं तिला सांगितलं होतं. ते पत्र त्यानं लिहिलंच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तुला उंबऱ्यावरून परत धाडलेला माणूस कोणत्या तोंडानं लिहिणार?

ते छप्पन्न सालचं मी विसरले नाही. दीक्षा घेऊन आलो आणि घरातले देव टोपल्यात भरून नदीवर नेले. भाऊनं टाक मोजले तर देवीचा एक कमी. पुढं तू माहेरी आलीस आणि तुझ्या पेटीत, लुगड्याच्या घडीत तो चांदीचा पत्रा त्याला सापडला. तो काय काय बोलला! तू मात्र एक शब्द बोलली नाहीस. टाकासकट पेटी उचललीस आणि मोटारस्टँडवर गेलीस. मलाही तेव्हा तुझाच राग आला होता, हे आज कबूल करते. एवढा डोंगर ओलांडून आलो आणि माझी बहीण पदराआड देवी घेऊन फिरते, असं वाटलं होतं. तुला थांबव म्हणून मी भाऊला सांगितलं नाही.

तर फोटोचा दिवस. खुशालराव फोटोवाले तिकाटणं रोवून, काळ्या फडक्यात डोकं घालून तयार. अंगणात बाकं, पुढं सतरंजी. उन्हाचा पट्टा भिंतीवर चढायला लागला आणि माय खुर्चीवर बसेना. "शकुन आली का?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं. भाऊ घामाघूम. तो एकदम बोलून गेला, "आली माय, आताच मोटारीनं उतरली." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

शकुन, मी नाही म्हणू शकले असते. मी मास्तरीण, पोरांना खोटं बोललं म्हणून छड्या मारणारी. पण मी आत गेले, तू मागे टाकून गेलेलं हिरवं पातळ नेसले, पदर कपाळापर्यंत ओढला आणि तिच्या पायाशी येऊन बसले. आवाज ओळखेल म्हणून तोंड उघडलं नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. खुशालराव ओरडले, कोणी हलू नका, झाकण काढलं, तीन आकडे मोजले. कोणी हललं नाही. फक्त मायचा हात हलला. फोटोत बघशील तर सगळी माणसं कशी कोरून काढल्यासारखी आहेत, आणि माझ्या पदराजवळ मायच्या हाताच्या जागी नुसतं धुकं आहे. म्हाताऱ्या माणसाचा हात, थरथरला असेल, असं आम्ही म्हटलं.

मग शकुनला मोटार गाठायची आहे असं सांगून मी स्वयंपाकघरात पातळ बदललं आणि मनकर्णा होऊन तिला चहा दिला. तिनं कप घेतला आणि माझा हात थोडा वेळ धरून ठेवला. भाऊनं फोटोच्या मागे सगळ्यांची नावं लिहिली. माणसं बत्तीस आहेत, नावं तेहेतीस. मनकर्णा कुठं उभी आहे असं मायनं विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, मागं, वच्छलेच्या बाजूला. तिथं भिंत आहे.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माय त्या काचेवरून बोट फिरवायची, धुक्यापाशी थांबायची आणि पुटपुटायची. "बाई, मले माफ कर." मी मागं उभी राहून ऐकायची. फोटोतल्या माझ्याच तोंडाकडे पाहून ती तुझी माफी मागायची, आणि मला वाटायचं, आपण मेलो आहोत आणि कुणी सांगितलं नाही. तू का येत नाहीस, हे मात्र तिनं आठ वर्षांत एकदाही विचारलं नाही. तेव्हाच आमच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

गेल्या महिन्यात अमरावतीला तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. परवा जाड भिंगांचा चष्मा आला. तिनं आधी फोटो मागितला. भाऊ दारातच खिळला. तिनं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे तं मनकर्णा हाय. मले त्याच दिशी मालूम होतं. म्या कान चाचपला. शकुनच्या कानाची पायी लहानपनीच फाटेल हाय, हिची धड होती." मग भाऊकडे वळली. "तो टाक म्याच देल्ला होता तिले. माह्या सासूनं मरताना हातात देल्ला होता, माह्यानं नदीत टाकवला नाई. पोरीनं दोस आंगावर घेतला पन माह्यं नाव नाई सांगतलं. अन् म्या गप बसली."

भाऊ त्या दिवशी जेवला नाही. आज सकाळी टपालाचं कोरं पाकीट आणून त्यानं माझ्यापुढं ठेवलं, तुला लिहायला.

हे पत्र लिहायचं कारण इतकंच. येत्या सत्तावीस तारखेला, रविवारी, खुशालराव पुन्हा येणार आहेत. मायनं सांगितलंय, तो टाक घेऊन ये, ती स्वतःच्या हातानं नदीत सोडेल, सगळ्यांसमोर. तूही काही कमी हट्टी नाहीस, म्हणून आधीच सांगते. या वेळी मी तुझ्या जागेवर बसणार नाही. मागं, वच्छलेच्या बाजूला, माझ्या जागेवर उभी राहीन. तू आली नाहीस तर मायच्या पायाशी सतरंजी रिकामी दिसेल, आणि आता तिला दिसतं.

तुझीच,
मनकर्णा