काटा खोटं बोलत नाही

१२ डिसेंबर १९५७, जालना
आलो एकदाचा! बद्रीनाथशेठांच्या जिनिंगमध्ये खोली झकास, भाकरी-ठेचा त्याहून झकास. सरकी काढणाऱ्या यंत्रांचा दणदणाट मात्र जीव नकोसा करतो. कडूबा नावाचा कामगार त्यानंच बहिरा झालो म्हणतो. शेठना संशय, सोंग आहे; म्हणून तपासायला मला बोलावलंय. सोंगाड्यांची मला मनस्वी चीड! माझ्या वीज मोजणाऱ्या पेटीच्या तारा बोटांना बांधायच्या आणि मागून घंटा वाजवायची. आवाज ऐकला की कातडीला नकळत घाम सुटतो, वीज जास्त वाहते, काटा सरकतो. आवाज जितका मोठा, तितका काटा पुढे. तोंड खोटं बोलेल, कातडी नाही.

१४ डिसेंबर
रुईच्या गाठींच्या गोदामात कडूबाला बसवलं. तिथे यंत्रांची नुसती घरघर पोचते. घंटेला काटा ढिम्म, थाळी बडवली तरी ढिम्म. वैतागून गप्प बसलो, तर काटा सरकला! गडी दाराकडे बघत होता. दारात कोणी नव्हतं. म्हणजे काहीतरी ऐकलंच त्यानं. सापडला लबाड. शेठनी संध्याकाळीच त्याला काढून टाकलं.

१७ डिसेंबर
कडूबाची बायको झुंबरबाई भांडायला आली. अमावस्येच्या सुट्टीत म्हणे तो एक यंत्र रिकामंच फिरवायचा. "अमुशाला समदं बंद करू नका साहेब. सुनं झालं की ते येतं. त्यानंच नेले ह्यांचे कान." मी हाकलून दिली. अडाण्यांचा गाव!

२१ डिसेंबर, अमावस्या, दुपार
सगळे घरी गेले. यंत्रं बंद. कावळा ओरडत होता, तोही गप्प झाला. गोदामात बसून गंमत म्हणून स्वतःलाच तारा बांधल्या. कसलाही आवाज नाही — पण काटा घंटेएवढा पुढे.

आता थाळीएवढा. आवाज जितका मोठा — म्हणजे ते जवळ येतंय. दार उघडं आहे. दारात कोणी नाही. उठायची हिंमत होत नाही. भ्यालोय मी.

घंटा हलवली की काटा उतरतो — आवाजानं ते मागे हटतं. पण मला ती ऐकू येत नाही. थांबलो की पुन्हा चढतो. हात भरून आलाय — मला यंत्र सुरू करता येत नाही. अमावस्येला ते फिरवायचा कडूबा, आणि त्याला मीच —

खिडकीतून दिसला! फाटकापाशी पाठमोरा बसलाय. ओरडतोय मी, घसा फाटेस्तोवर. माझं मला ऐकू येत नाही. घंटा पडली. काटा टोकाला —
कडूबा, वळ रे —
वळत नाही. खरंच बहिरा आहे तो. शेठ, तो खरंच ब