न बघता दिलेली लिंक

प्रिय मुंगे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळावर आठी चढली असणार. चढू दे. तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि शेवटची जी लिहिली ती लिहिली नसती तर बरं झालं असतं. तरी हे फेकू नकोस. फेकायचंच असेल तर शेवटचा परिच्छेद वाचून फेक, कारण त्यात एक वार आणि वेळ आहे, आणि तो वार जवळ येतोय. अक्षर वाकडं दिसेल. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी बोटांवर पट्ट्या मारून सरळ केलेलं अक्षर हे, सत्तरीत वाकडं का झालं म्हणशील. तेही सांगते, पण सगळं एकदम सांगायचा धीर नाही.

आधी आपल्या वेबसाइटची बातमी. आपल्या म्हणते, कारण मजकूर माझा असला तरी बांधलीस तू. मी निवृत्त झाले तेव्हा तूच हट्ट धरलास, की बाई, बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या मागच्या खोलीत बसून कृत्रिम डोळे रंगवलेत, ते ज्ञान काय स्वतःबरोबर घेऊन जाणार? त्यातली अकरा वर्षं तू समोरच्या स्टुलावर होतीस, त्यामुळे तुला ओरडायचा हक्क होता. मग मी लिहीत गेले. डोळा कसा धुवायचा, रडणाऱ्या बाळाला मांडीवर कसं धरायचं, मूल वाढतं तशी खोबण वाढते म्हणून डोळा केव्हा बदलायचा, आणि डब्यातला तयार डोळा, चप्पल घ्यावी तसा मापाच्या अंदाजाने, कधीही का घ्यायचा नाही. तू ते सगळं चढवलंस आणि मला लिंक म्हणजे काय ते शिकवलंस. मी त्यावर तुझी किती टर उडवली ते आठवतंय ना? तू म्हणालीस, सर्च इंजिन तुमचा मजकूर वाचतं, पण तुमच्याकडे बोट कोण दाखवतंय तेही बघतं. मी म्हटलं, म्हणजे लग्नाच्या चौकशीसारखंच की. तू म्हणालीस, अगदी तसंच, आणि शंभर भटक्यांनी चांगलं म्हटलं त्यापेक्षा एका मोठ्या डॉक्टरने म्हटलं तर जास्त धरतात.

मी प्रत्येक लिंकवर ‘इथे क्लिक करा’ एवढंच लिहायचे, आणि तू डोक्याला हात लावायचीस. इथे म्हणजे कुठे, बाई? दारावर नुसतं ‘दार’ असं कुणी लिहितं का? आत काय आहे ते लिहा, माणसालाही कळेल आणि यंत्रालाही. बाळाचा डोळा बसवण्याचं माझं सगळ्यात चांगलं पान तर कशालाच जोडलेलं नव्हतं. कपाटाच्या मागे पडलेल्या औषधाच्या बाटलीसारखं होतं ते. तू इतर पाच पानांवरून त्याच्याकडे वाट काढून दिलीस, आणि महिन्याभरात लांबलांबच्या आया मला फोन करायला लागल्या. ‘कृत्रिम डोळा’ असं टाइप केलं की पहिलं नाव आपलं. मी चारचौघांत मिरवलं. तुझं नाव घेतलं का? नाही घेतलं.

आणि मग तू डोळे रंगवायची स्वतःची खोली थाटलीस, आणि मला एका ओळीची विनंती पाठवलीस. बाई, तुमच्या साइटवरून माझ्या साइटला एक लिंक द्याल का, तुमच्या नावाने लोक माझ्याकडे विश्वासाने येतील. मी उलट काय लिहिलं ते तुला पाठ असेल, मलाही आहे. माझी साइट म्हणजे जाहिरातीची भिंत नव्हे. एवढंच. आपल्या जुन्या विभागात मात्र मी आणखी बोलले. कानामागून आली आणि तिखट झाली, असंही म्हटलं, आणि ते तुझ्यापर्यंत पोचलं असणारच, कारण त्या विभागात भिंतींना नुसते कान नाहीत, तोंडंही आहेत. का तसं वागले, ते त्या वेळी मला विचारलं असतंस तर मी तत्त्वाचं कारण सांगितलं असतं. मी तत्त्वं नेहमी हाताशी ठेवते, छत्रीसारखी.

आता पुढचं ऐक. दीड वर्षापूर्वी डब्यातले डोळे विकणाऱ्या कंपन्या साइट घेऊन उतरल्या, आणि आपण पहिल्या नंबरावरून तिसऱ्या पानावर गेलो. फोन थांबले. मी दिवसातून सहा वेळा ते दोन शब्द टाइप करून बघायचे, चष्मा पुसून परत बघायचे, जणू चष्म्याचीच चूक. त्यातच एक पत्र आलं. आदरणीय मॅडम, आपलं कार्य थोर आहे, आमच्या आरोग्य परिवारात चाळीस साइट्स आहेत, आपण आमच्या लिंका द्या, आम्ही आपल्या देऊ, एकमेकांचा हात धरून वर चढू. मॅडम आणि थोर हे दोन शब्द वाचले आणि माझी सगळी कॉन्व्हेंटातली अक्कल चुलीत गेली. आमच्या मदर सुपीरियरने एका मुलीला चालचलणुकीचा दाखला नाकारला होता, का, तर मदरने स्वतः तिला शिकवलं नव्हतं. ही गोष्ट तुला वीस वेळा ऐकवणारी मी, आणि मीच चाळीस अनोळखींना ‘उपयुक्त ठिकाणं’ म्हणून एका दमात दाखले वाटले. त्यांनी पाठवलेली यादी जशीच्या तशी चिकटवली. एकही उघडून बघितली नाही. जिने अकरा वर्षं समोर बसून माझे ब्रश धुतले तिला एक लिंक नाही, आणि जिथे आतमध्ये कोण बसलंय माहीत नाही अशांना चाळीस.

दोन महिने चढलो, हे कबूल करते. मी स्वतःवर इतकी खूश होते की तुला कळवावंसंही वाटलं, नाकावर टिच्चून. मग एका सोमवारी सकाळी ते दोन शब्द टाइप केले तर आपण नाहीच. तिसऱ्या पानावर नाही, दहाव्यावर नाही, वीस पानं उलटली तरी नाही. अशा ठरवून केलेल्या अदलाबदली सर्च इंजिन ओळखतं आणि सरळ खाली ढकलतं, हे तू मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतंस. मी तेव्हा चहा गाळत होते आणि हूं म्हणत होते.

हे एवढंच असतं तर मी तोंड मिटून बसले असते. पण दोन आठवड्यांपूर्वी एका बाईचा फोन आला. मुलगी सात वर्षांची. बाळ असतानाच गाठीमुळे डावा डोळा काढलेला, जुना कृत्रिम डोळा लहान झाला म्हणून नवा घेतलेला, आणि आता खोबण लाल, सारखी पिवळी घाण येते, पोर झोपत नाही. मी माझ्या नेहमीच्या पट्टीत कडाडले. डब्यातला घेतला ना? कुणी सांगितलं होतं घ्यायला? मी एवढं ठळक अक्षरात लिहून ठेवलंय ते काय शोभेला? ती बिचारी इतक्या हळू म्हणाली की मला रिसीव्हर कानावर दाबावा लागला. म्हणाली, बाई, तुमच्याच पानावरून गेलो. ‘उपयुक्त ठिकाणं’मध्ये होतं. तुमचं नाव होतं म्हणून मी पुढे काही विचारलंच नाही.

मुंगे, मी फोन ठेवला आणि यादी उघडली. चाळीस दारं एकेक करून उघडली, जे चार महिन्यांपूर्वी करायला हवं होतं. केस उगवायचं तेल, वजन उतरवायचा पट्टा, आणि सत्ताविसावं दार डब्यातल्या डोळ्यांच्या दुकानाचं. वर निळे डोळे, खाली तपकिरी डोळे, ‘लहान, मध्यम, मोठा’. चार महिने ते माझ्या नावाखाली उभं होतं. त्या दारातून ही एकच आई गेली, की आणखी किती गेल्या, हे मला कळायला मार्ग नाही. तेव्हापासून फोन वाजला की मी धावत जाते, आणि नाही वाजला की उचलून बघते, चालू आहे ना.

चाळीसही लिंका त्याच दिवशी काढल्या. त्यांच्याकडच्या काढा म्हणून चाळीस पत्रं लिहिली. नऊ जणांनी काढल्या, एकाने मला म्हातारी म्हणून शिवी दिली, जी वस्तुस्थिती आहे, बाकीचे मूग गिळून बसले. यांनी माझ्याकडे दाखवलेली बोटं मोजू नका अशी यादी सर्च इंजिनला पाठवायची सोय असते, तीही पाठवली. पहिल्या पानावर वर मोठ्या अक्षरात लिहिलं, की या दुकानाची लिंक मी न बघता दिली होती, ज्यांनी तिथून डोळा घेतला असेल त्यांनी तो काढून आधी डॉक्टरांना दाखवावा. पण ते वाचणार कोण? ज्या पानावर कुणी येतच नाही तिथे इशारा लावणं म्हणजे बंद खोलीत ओरडणं. म्हणून मी आपल्या जुन्या विभागात गेले, त्यांच्या साइटवरून आपल्याला खरी लिंक मागायला. काउंटरवरची पोरगी मान वर न करता म्हणाली, आजी, पेशंटची रांग तिकडे. आजी! ज्या खोलीत मी बत्तीस वर्षं बसले तिथे आता झेरॉक्स मशीन आहे. दीड तास रांगेत उभी राहिले, नव्या डॉक्टरीणबाईंना माझं पान दाखवलं, त्यात माझी चूकही दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि लिंक दिली. ‘कृत्रिम डोळ्याची निगा आणि तयार डोळ्यांचे धोके’, अशी स्पष्ट शब्दांत. काल आपण पाचव्या पानावर दिसलो. पाचव्या पानाने मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

ती आई आणि मुलगी सोमवारी माझ्याकडे येऊन गेल्या. मी ते दुकानाचं सगळं आईला तोंडावर सांगितलं, दाराची कडी लावायच्या आधीच, नाहीतर सांगितलं नसतं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला उत्तर देता आलं असतं. मुलीची सूज आता उतरलीय, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात नव्या डोळ्याचं माप घ्यायला परवानगी दिलीय. मी तिला खिडकीशी उजेडात बसवलं आणि चांगल्या डोळ्याचं चित्र काढायला घेतलं. गडद तपकिरी बुबुळ, बाहेर राखाडी कडा, आणि बाहुलीच्या खाली, घड्याळात पाच वाजतात तिथे, मधाच्या रंगाचा एक ठिपका. तो ठिपका मला तीनदा काढूनही जमला नाही. पोरीने बघून विचारलं, आजी, तुमचा हात का हलतो? मी म्हटलं, थंडी आहे. ती म्हणाली, मग स्वेटर घाला की. बाहेर रणरणतं ऊन होतं. माझा हात पाच वर्षं हलतोय, मुंगे. निवृत्त झाले ती वयामुळे नव्हे. शेवटच्या वर्षी माझ्या नावावर गेलेली सगळी बुबुळं तू दुपारी माझ्यामागे दुरुस्त करायचीस, आणि मला कळत नाही असं दाखवायचीस. मला कळत होतं. तुझं बुबुळ माझ्यापेक्षा जिवंत दिसायचं, हेही कळत होतं. लिंक नाकारली ती त्यासाठी, तत्त्वासाठी नव्हे.

निघताना त्या आईने एकच विचारलं, की मग आता आम्ही कुणाकडे जाऊ? तिने माझं ऐकून एकदा पोरीची खोबण धोक्यात घातली होती, तरी पुन्हा मलाच विचारत होती. मला एकच नाव द्यायचं होतं, आणि मी तुला न विचारता तुझं दिलं. येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता त्या दोघी तुझ्या दारात येतील. सोबत मी काढलेली तीन चित्रं ठेवलीत. ती बाद आहेत, पण ठिपक्याची जागा बरोबर आहे. माझ्यावरचा राग त्या पोरीवर काढणारी तू नव्हेस, हे मी लेखी द्यायला तयार आहे. तरी नाही म्हणायचं असेल तर बुधवारपर्यंत मला फोन कर, त्यांना नको. त्यांना मी सांगेन. आणि हो म्हण किंवा नाही म्हण, आपल्या साइटच्या पहिल्याच पानावर आता एकच बाहेरची लिंक आहे, ती काढणार नाही. तिच्यावर लिहिलंय, ‘लहान मुलांचे कृत्रिम डोळे माझ्यापेक्षा चांगले रंगवणारी माझी विद्यार्थिनी’. या वेळी मी दार आधी उघडून बघितलं. तुझी सगळी पानं वाचली, एकूण एक. ‘माझ्याविषयी’ या पानावर तू अजून माझं नाव ठेवलं आहेस.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
बाई