दोन पंप आणि मागचा डावा टायर

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं. दसऱ्याला सासरेबुवांना हुपरीहून आपल्या गाडीतून आणायचं. लग्नात चारचौघांत म्हणाले होते, "पावण्यांस्नी सायकल झेपंना, गाडी कशाला?" आता कळेल.
मागचा डावा टायर रोज थोडा बसतो. बायको (प्रीती) म्हणते, कोपऱ्यावरच्या जोतीरामकडं पंक्चर काढा. हवेसाठी दुसऱ्याच्या दारात? माणसाकडं स्वतःचा पंप हवा. प्रश्न एवढाच, पायाचा की इलेक्ट्रिक?

१५ सप्टेंबर
सतरा व्हिडिओ पाहिले. निर्णय: पायाचा. हवा भरते आणि मांड्याही घडतात. आपण तालमीतली माणसं. (१९९६, अकरा दिवस.) दिवाळीपर्यंत चार किलो कमी.

१८ सप्टेंबर, सकाळी ७
शाहूपुरीतून पंप आणला. चाळीस दाब मारले. काटा अठरावर. पाहिजेत तेहतीस. पंपाचा दोष नाही, मिसळ जड झाली होती. आक्का दारातून ओरडली, "आरं, टायरात हवा भरतोयस का सवताची काढतोयस?" सगळ्या मंगळवार पेठेनं ऐकलं. आई असली म्हणून काय झालं!

१९ सप्टेंबर
मांडीत गोळा. रजा टाकली. कारण: वाहन दुरुस्ती.

२४ सप्टेंबर
इलेक्ट्रिक पंप आला. ही माघार नव्हे, दोन्ही असलेले बरे. गाडीतल्या सॉकेटला लावला, पाच मिनिटांत तेहतीस! प्रीतीला मुद्दाम बोलावून दाखवलं. तिनं विचारलं, मग हवा रोज का उतरते? मी रबराचं विज्ञान समजावलं. ती भाजी बघायला गेली.

२८ सप्टेंबर, रविवार
रोज सकाळी पाच मिनिटं हवा. शिस्त लागली. जोतीराम जाता जाता वाकून म्हणाला, "सायेब, खिळा हाय की त्यात. काढू?" नको म्हटलं. खिळा बुचासारखा बसलाय, काढला तर हवा जाणार. एवढं साधं त्याला कळू नये.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. देवघरात पाटावर विळा, हातोडी, शिवणाची कात्री. मी दोन्ही पंप मध्ये ठेवले. प्रीती म्हणाली, पंप कशाला? मी म्हटलं, हीच आपली आयुधं. हळदकुंकू वाहिलं. ऊर भरून आला.
उद्या सातला निघायचं. सासऱ्यांना फोन केला, तयार राहा.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळी ६.४०
टायर जमिनीला टेकला आहे.

६.५०
पंप घ्यायला गेलो तर आक्का देवघराच्या दारात. "पूजेला लावल्यालं हत्यार हाय. दुपारी निवद दाखवून पूजा हलवल्याबिगर हात लावायचा न्हाय!" पाया पडलो. आशीर्वाद दिला, पंप नाही.

७.१५
जोतीरामचं दुकान बंद. त्याच्या घरी गेलो. त्याची हत्यारंही पाटावर.

७.३०
स्टेपनी काढली. तिच्यात हवा नाही. दोन पंप असताना एकानंही तिच्यात कधी मारली नव्हती.

११.००
फोनवर गाडीचं कळल्यावर सासरे एसटीनं आले. टायरकडं पाहिलं, मग माझ्याकडं. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. प्रीती म्हणाली, पहाटे पाचपासून फेटा बांधून दारात बसले होते. साऱ्या गल्लीला सांगितलं होतं, "जावई गाडी घिऊन येतोय." मला फार वाईट वाटलं.

दुपारी ४
पूजा हलवली. मी इलेक्ट्रिक पंप उचलला, तर सासऱ्यांनी पायाचा ओढला. वय एकाहत्तर. न थांबता तेहतीस. मला धाप नुसती बघून लागली.
मग पुढच्या सीटवर बसले, काच खाली केली, फेटा सारखा केला. म्हणाले, "पावणं, एक फोटू काढा. गल्लीतल्यांस्नी धाडायचा हाय. गाडीतनंच आलो म्हनून."
प्रीतीनं मोबाइल धरला. तोवर टायर पुन्हा निम्मा बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, फोटोत दिसू नये म्हणून.