सुई सरकत होती

प्रिय वुआई,

तू बेट सोडून टांगा शहरात गेलास त्याला चार वर्षं झाली. एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहितोय तर पाकिटावर माझं नाव मुद्दाम घातलेलं नाही. नाव दिसलं असतं तर तू ते न फोडताच चुलीत टाकलं असतंस. झुहुरावहिनींना सलाम सांग. इकडे बेटावर सगळं जागच्या जागी आहे. तमीमूकाका अजून नाव चालवतात आणि अजून सगळ्यांना शिव्या घालतात. शेजारच्या सियाजाबूचे गुडघे धरतात. यंदा व्हेल शार्क लवकर आले, त्यामुळे डायव्हिंगचा कॅम्प पाहुण्यांनी भरलाय, आणि माझ्या टेबलावर दुरुस्तीला आलेल्या, पाण्याखाली श्वास घ्यायच्या सेटांची रांग आहे. निदान परवापर्यंत होती.

ते टेबल तुला आठवत असेल. खिडकीशी उलट्या खोक्यावर बसून तू तळलेली गोड मांदाझी खायचास आणि विचारायचास, "काय रे खतीबू, तू घड्याळजी की हकीम?" मला आवडायचं ते, वरवर चिडायचो तरी. मला हे काम कुणी शिकवलं नाही. एका पाहुण्याने टाकून दिलेलं फाटकं पुस्तक, त्यातली चित्रं, आणि सायकलचा पाना. पहिला रेग्युलेटर उघडला तेव्हा आतली स्प्रिंग उडून शेजाऱ्यांच्या शेळ्यांच्या पाण्यात पडली होती. मग एकेक हत्यार जमवलं. दोन खुंट्यांचा पाना नावेच्या जुन्या बोल्टपासून घासून मीच केला. दाब बघायचं गेज नव्वद हजार शिलिंगला आणलं, दोन हंगाम पैसे साठवून. ग्रीसची ट्यूब अंगठ्याएवढी आणि किंमत पंचेचाळीस हजार, म्हणून प्रत्येक ओ-रिंगला, त्या रबरी कड्याला, तांदळाच्या दाण्याएवढंच लावायचं. भाग भिजवायला अर्धं गरम पाणी, अर्धा व्हिनेगर, पंधरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला वरचा मुलामा काळवंडतो. दार-एस-सलामला सेट पाठवला तर एकाचे एक लाख ऐंशी हजार आणि तीन आठवडे. मी दोन दिवसांत साठ हजारात द्यायचो, आणि त्यांच्यापेक्षा चोख. ही बढाई नाही, असं लिहिणार होतो. बढाईच आहे. सवय जात नाही.

एक हत्यार मात्र मी घेतलं नाही. ओ-रिंग काढायची पितळी आकडी. वाकवलेल्या एका काडीचे पंचवीस हजार सांगितले तेव्हा मी त्या दुकानदाराला हसलो होतो. दवाखान्यातल्या कंपाउंडरने दातांच्या डॉक्टरची जुनी पोलादी आकडी मला फुकट दिली, तीच वापरायचो. पोलाद पितळाला ओरखडतं हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना मी तेच बजावून सांगायचो. माझा हात सरकणार नाही, एवढंच माझं म्हणणं होतं.

तू गेलास त्या वर्षी, कॅम्पवर गाइड असताना, तुझा सेट फेब्रुवारीत माझ्याकडे आला. तू तो कधी उघडून पाहिला नाहीस म्हणून नीट सांगतो. टाकीवर बसतो त्या भागात आत एक पितळी कड असते. तिच्यावर प्लॅस्टिकची चकती दाबून बसते आणि हवा अडवते. त्या दुपारी माझा हात सरकला. कडेवर केसाएवढा ओरखडा. मी सेट जोडला आणि गेज लावलं. सुई साडेनऊवर जाऊन मेल्यासारखी उभी राहायला हवी. ती उभी राहिली आणि मग सरकली. माझा चहा संपेपर्यंत साडेदहाला गेली आणि तोंडात धरायचा भाग फुसफुसायला लागला. तो आवाज म्हणजे सेट ओरडून सांगत असतो की मला पाण्यात नेऊ नका. सरळ मार्ग एकच होता. सेट बाजूला ठेवायचा आणि मॅनेजरला जाऊन सांगायचं की माझ्या हातून हा गेला. पण दहाच दिवसांपूर्वी त्याच मॅनेजरला मी छाती काढून सांगितलं होतं की दार-एस-सलामवाले सगळे चोर आणि अडाणी आहेत. मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि तोंडाकडच्या भागाचा स्क्रू अर्धा फेरा आवळला. फुसफुस बंद. त्याने दुखणं जात नाही, फक्त आवाज जातो, आणि हवा जोर लावून ओढावी लागते. मी वहीत 'ठीक' लिहिलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी नावेवर तू दोन श्वास घेतलेस आणि म्हणालास, "खतीबू, अरे हे ओल्या फडक्यातून हवा ओढल्यासारखं वाटतंय." मी सगळ्यांसमोर म्हणालो, "फडकं कसलं? तुझी छाती म्हातारी झालीय. सिगारेटी सोड आधी." तमीमूकाका खो खो हसले. तूही हसलास आणि उडी मारलीस. माझ्या हातचा सेट होता म्हणून मारलीस.

सव्वीस मीटरवर ओहोटीचा ओढा फिरला आणि तू त्या जाड्या पाहुण्याला ओढत प्रवाहाच्या उलट निघालास. माणसाला जितकी जास्त हवा लागते तितका आवळलेला सेट हात आखडतो. तू मध्ये न थांबता सरळ वर आलास. पाहुणे दुसऱ्या गाइडबरोबर सुखरूप वर आले. एवढ्या झपाट्याने वर आल्यामुळे तुझा खांदा आणि पाय मात्र बधिर झाले, आणि तुला उंगुजा बेटावर नेऊन सहा तास दाबाच्या खोलीत ठेवावं लागलं. काका नावेत तुला ऑक्सिजन देत होते, तेव्हा मी 'गोड्या पाण्याने धुतो' म्हणून तुझा सेट उचलला. किनारा येईपर्यंत स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि टाकीकडचा भाग काढून माझ्या सेटचा लावला. मॅनेजरने सगळ्यांदेखत तो तोंडाला लावून पाहिला आणि म्हणाला, "सेट उत्तम आहे. माणूस घाबरला." मी तिथेच उभा होतो. "हं," म्हणालो.

त्या एका 'हं'वर तुझं गाइडचं काम गेलं. वर उसळलेला म्हणून तुला गावात 'बूच' म्हणायला लागले, अगदी मशिदीच्या पायरीवरसुद्धा. पण ते नंतरचं. इस्पितळात तू माझा हात धरून विचारलंस, "खतीबू, मी खरंच घाबरलो का रे? मला तर हवाच मिळत नव्हती." आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "होतं असं. कुणालाही होतं." स्क्रू आवळला तो भित्रेपणा होता. हे वाक्य म्हणजे काय होतं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही.

आता आज का लिहितोय ते. जिबोंदोच्या बाजूला मसूद नावाचा माणूस नवा कॅम्प काढतोय. गेल्या आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, "वुआईचा अर्ज आलाय. तू त्या दिवशी नावेवर होतास. खोल पाण्यात भरवशाचा आहे का?" मी हात पुसत म्हणालो, "मी काय सांगणार?" त्याने काय समजायचं ते समजून तुझ्या नावावर काट मारली. तीन दिवस गेले. रविवारी तो ओरखडलेला भाग खिशात घालून मी त्याच्याकडे गेलो, भिंगाखाली धरला आणि सगळं सांगितलं. जुन्या मॅनेजरला सांगितलं. काकांनाही सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही. माझ्या शेजारून उठले आणि नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मसूदने तुला दोनदा फोन केला, पण अर्ज नाकारल्याचं कळल्यापासून बेटावरचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, असं वहिनींनी सियाजाबूला सांगितलं. मसूद गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर शेवटचा फोन करणार आहे. शुक्रवारी गाइडांची यादी पक्की होते. त्याला सगळं ठाऊक आहे, तुला काहीच शाबीत करायचं नाही. एवढा एक फोन उचल. माझा आला तर वाजू दे.

तुझाच म्हणायचा हक्क मी घालवलाय, तरी तुझाच,
खतीबू