जेवणाच्या टेबलावर ठेवलेली काठी

प्रति,
मा. रजिस्ट्रार,
अँग्लिकन धर्मप्रांत कार्यालय,
कॅथेड्रल आवार.

विषय : दिवंगत बिशपांचे पार्थिव त्यांच्या पत्नीशेजारी हलविण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : माझा पहिला अर्ज व आपले नकाराचे पत्र.

महोदय,

मी दिवंगत बिशपांची एकुलती एक मुलगी. आपल्या पत्रात माझा उल्लेख 'सदर महिला' असा असल्याने ओळख पुन्हा देत आहे.

१. वडील गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, बिशप निवासात बांधाबांध चालू होती. रविवारच्या उपासनेत ते निवृत्त होणार होते. आपल्या प्रथेनुसार बिशप आपली आकड्याची काठी वेदीवर ठेवतो आणि तिथे त्याचे पद संपते. वडिलांचे गुडघे धरलेले. वाकताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी दुपारी घरीच सराव केला. वेदीच्या जागी जेवणाचे टेबल. काठी आडवी ठेवली, हात सोडले, एक पाऊल मागे सरले. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "साहेब, ही उचला बघू, मला ताटं मांडायचीत." वडील म्हणाले, "साहेब कोण? साहेब तो बघा, टेबलावर आडवा पडलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चला, सुटलो एकदाचा. आता बोल, काय सांगायचं राहिलंय तुझं इतकी वर्षं?" मी म्हणाले, "काही नाही. जेवण गार होतंय."
पहाटे ते झोपेतच गेले.

२. आपले म्हणणे असे की ते पदावर असताना निवर्तले, आणि अशा बिशपांचे दफन कॅथेड्रलच्या फरशीखालीच होते. माझे नम्र म्हणणे असे की ते शनिवारी दुपारीच पदमुक्त झाले होते. साक्षीदार दोघी हयात आहेत. आपण लिहिता, 'जेवणाचे टेबल म्हणजे वेदी नव्हे.' परंतु उमेदीच्या काळात याच गृहस्थांनी बंदरावर मालाच्या खोक्यांवर चादर अंथरून खलाशांना प्रभुभोजन दिले, हे त्यांच्या निवृत्तीनिमित्त आपणच काढलेल्या गौरवपुस्तिकेत पहिल्या पानावर मोठ्या अभिमानाने छापले आहे. खोकी चालली, मग टेबल का चालत नाही, याचा खुलासा व्हावा.

३. त्याच पुस्तिकेत खलाशांचे धर्मगुरू, गिरणीवस्तीतले पाळक, आर्चडीकन आणि बिशप अशी त्यांची चढती कारकीर्द आहे. ती खरी आहे. माझा जन्म झाला तेव्हा ते जहाजावर एका मरणाऱ्याच्या उशाशी होते. संपाच्या दिवसांत आमच्या घरी रोज नवी माणसे जेवायला असत आणि आई शेवटी उरलेले खरवडून घेई. बिशप झाल्यावर माणसे कमी झाली, बैठका वाढल्या. मी चर्चची पूर्ण सभासद झाले त्या दृढीकरणाच्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तेव्हा मागची मुलगी मला पुढे रेटत होती. रांग मोठी होती. ते चांगले गृहस्थ होते, याबद्दल माझी तक्रार नाही. वाईट माणसाशी निदान भांडता तरी येते.

४. माझी आई शाळेत शिकवीत असे. ती शहराबाहेरच्या दफनभूमीत आहे. ती गेली तेव्हा वडिलांनी दोघांची जागा घेतली आणि दगडावर तिच्या नावाखाली स्वतःचेही नाव कोरून घेतले. पाथरवटाला म्हणाले, "माझं वर्ष तेवढं मोकळं ठेवा. या वेळी नक्की येतो, हे तिला लेखी दिलेलं बरं." सोबतची मंडळी हसली. आई हसली नसती.

५. तडजोड म्हणून कॅथेड्रलमधील फरशीवर 'सपत्नीक' हा शब्द घालण्याची तयारी आपण दाखवली आहे. आमंत्रणपत्रिकांवर तो शब्द जन्मभर छापून येत असे, आणि तेव्हाही आई तिथे नसे. परवा आपले सहायक फोनवर म्हणाले, "बाई, एवढंच असेल तर आईंनाच इकडे आणा की." महोदय, आई प्रत्येक बदलीला भांडीकुंडी बांधून त्यांच्यामागे गेली. आता एकदा त्यांनी यावे.

६. लहानपणी संध्याकाळी आई मला चर्चच्या मागच्या खोलीकडे पिटाळी. सांगे, "जा, बाबांना म्हण, घरी चला." मी दारात उभी राही. आत कोणीतरी रडत असे आणि बाबा त्याचा हात धरून बसलेले असत. मी तशीच परत येई आणि आईला सांगे, "येतायत." त्या शनिवारी जे सांगायचे राहिले, ते एवढेच होते.

आज हा अर्ज देण्यापूर्वी मी कॅथेड्रलमध्ये जाऊन आले. गायकवृंदाचा सराव चालू होता. वडिलांच्या फरशीवर एक खुर्ची ठेवलेली होती. झाडणारे काका म्हणाले, "बसायचंय का, ताई? बसा की." मी खुर्ची बाजूला करायला सांगितली. मग उभ्यानेच, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, पुरे झालं आता. घरी चला."
गाणे थांबले. त्यांना स्वतःहून येता येत नाही, म्हणून हा अर्ज.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
त्यांची मुलगी
दिनांक : सोमवार

सोबत : आईच्या दगडाचे छायाचित्र. खालच्या नावापुढील वर्षाची जागा अद्याप मोकळी आहे.