संगमरवरी पाटीवर भाता मारणाऱ्याचे नाव कोरण्याबाबत

प्रति,
माननीय नगराध्यक्ष,
नगरपालिका, सान बियाजो,
प्रांत पार्मा

विषय : ऑपेराकार माएस्त्रो आत्तिलिओ बेनास्सी यांच्या सन्मानार्थ चर्चमध्ये बसवायच्या पाटीवर गुरू म्हणून अर्जदाराचे नाव घालण्याबाबत.
संदर्भ : औषधाच्या दुकानाबाहेर डकवलेली आपली दि. २ सप्टेंबरची सूचना.

महोदय,

१. मी खाली सही करणार प्रॉस्पेरो गांदोल्फी, वय ६८, आपल्या चर्चमध्ये एकोणचाळीस वर्षे ऑर्गनचा भाता मारतो. वाजवणारा पुढे बसतो, मी मागे उभा असतो. भात्याने वारा दिला नाही तर ऑर्गन म्हणजे नुसते कपाट, ही बाब सूचनेत कोठेही नमूद नाही.

२. सूचनेप्रमाणे माएस्त्रोंचे गुरू दोन : फादर सेवेरिनो आणि जर्मन ग्रंथ. ग्रंथ मी पाहिलेले नाहीत, सबब त्यांची निंदा करीत नाही. फादर मात्र धड्याच्या वेळी झोपत. त्यांचे घोरणे मला मागे ऐकू येई, आणि तेही तालात नसे.

३. माएस्त्रो लहानपणी याच ऑर्गनवर शिकले, आणि त्या मुलाला लय लावली ती मी. तो रेंगाळला की मी वारा तोडत असे. तो पुढून ओरडे, "काका, वारा द्या की!" मी मागून सांगे, "आधी ताल धर, मग मिळेल." असे नऊ वर्षे चालले.

४. सन १८५९ च्या ईस्टरला फादरांनी प्रसादाची भाकर उंचावली, नेमकी तेव्हाच मला तपकिरीने शिंक आली. एक नव्हे, तीन. भात्याचा दांडा हातून सुटला, ऑर्गन गप्प झाला. देव उतरला असे समजून बायाबापड्या रडू लागल्या. चूक झाकण्यासाठी मी जिवाच्या आकांताने भाता मारला, तसा ऑर्गन गरजला. फादर नंतर म्हणाले, "गाढवा, तुला नरकातसुद्धा कोणी भात्यावर ठेवणार नाही." पोरगा तेवढा म्हणाला, "काका, पुन्हा शिंका ना."

५. माएस्त्रोंच्या नव्या ऑपेरात नायिका विष पिते, तेथे तीन ठोके शांतता आहे आणि मग सगळी वाद्ये एकदम कोसळतात. एका प्राध्यापकाने वर्तमानपत्रात यास जर्मन प्रभाव ठरवले आहे. महोदय, ती माझी शिंक आहे. मी पार्म्यास जाऊन, सर्वांत वरच्या सज्जात उभे राहून ती मोजली. लोक रडत होते, मीही रडलो. शेजारच्या बाईंनी विचारले, "तुमचं कोणी आहे का यात?" तेव्हापासून हे मनाला फार लागले आहे.

६. पाटी समितीचे म्हणणे असे की, भाता काय, कोणीही मारील. ते मी मान्य करतो. अनावरणाच्या रविवारी माएस्त्रो स्वतः ऑर्गन वाजवणार आहेत. तरी त्या दिवशी अर्जदारास पहिल्या बाकावर बसवावे आणि भात्यावर फादर सेवेरिनो यांची नेमणूक करावी. त्यांचे वय एक्क्याऐंशी आहे, परंतु समितीच्या मते त्याने काही अडू नये. त्यांच्या वाऱ्यावर माएस्त्रोंचे एक जरी गाणे पुरे वाजले, तर हा अर्ज सर्वांदेखत फाडून टाकावा.

आपला नम्र, आजवर पाठीमागेच राहिलेला,
प्रॉस्पेरो गांदोल्फी
सान बियाजो, दि. ९ सप्टेंबर १८८६